आज अपडेट आहे, कापड उद्या

आमच्या युसूफ वडगावात कापडाची दुकानं लग्नासाठी बंद राहतात, मयतीसाठी बंद राहतात. महालिंगअप्पांचं दुकान मात्र कॉम्प्युटरच्या अपडेटसाठी बंद राहतं. अर्ध्या ओढलेल्या शटरला पाटी लटकते, 'आज अपडेट आहे. कापड उद्या मिळेल.'

माझं मेडिकल त्यांच्या शेजारीच. गोळ्या विकतो म्हणून अप्पा मला डॉक्टर म्हणतात आणि मीही ते खोडून काढत नाही. शेजार असल्यामुळं हा सोहळा मला दरवेळी बघावा लागतो. आदल्या दिवशी इन्व्हर्टर भरून ठेवायचा, कारण लाइटचं काम अप्पा महादेवाच्याही भरवशावर सोडत नाहीत. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, मग बटन. पडद्यावर टक्के चढायला लागले की दुकानात मोठ्यानं बोलायचं नाही. एकदा एक बाई ब्लाउजपीस घ्यायला शटरखालून वाकून आत आली. अप्पा कुजबुजले, "आक्का, आत काम चालू हाय. उंद्या या." बिचारीला वाटलं, आत कुणी बाळंत होतंय. ती पाय न वाजवता निघून गेली.

अपडेट झालं की नवीन काय आलं ते दाखवायला अप्पा मला गिऱ्हाइकासमोरून उठवून नेतात.

"बघा डॉक्टर, स्टार्टचं बटन कोपऱ्यात व्हतं, ते मधी येऊन बसलं. अन् ह्या खिडक्यांचे कोपरे गोल केलेत. लई बरं झालं. आदी टोचायचे."

"कुणाला?"

"डोळ्याला."

मी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "बदल सोसावा लागतो, डॉक्टर."

परवा मोठं अपडेट आलं. सकाळीच अप्पांनी मला सगळी नवलाई दाखवली, आवाजाचं बटन सरकून कुठं गेलं तेसुद्धा. दुपारी मी चहा घेऊन गेलो, तर अप्पा पुण्याच्या पोराशी, शिवाशी, फोनवर बोलत होते.

"आरं शिवा, ते आवाजाचं बटन कुठं गेलं रे? सकाळधरनं हुडकायलोय, सापडंना."

मला वाटलं, अप्पांना विसर पडला. मी मदतीला धावलो आणि पडद्यावर बरोबर जागी बोट ठेवलं. अप्पांनी फटकन माझ्या हातावर मारलं आणि गप्प राहायची खूण केली.

फोन स्पीकरवर होता. शिवा म्हणाला, "अप्पा, ह्या अपडेटमधी मदतनीस आलाय की. मराठीत विचारा, मराठीत सांगतो. आता मला विचारायची गरजच न्हाई. ठेवू का? मीटिंग हाय."

फोन बंद झाला. अप्पांचा चेहरा उतरला. मी गमतीनं म्हणालो, "बदल सोसावा लागतो, अप्पा."

ते हसले नाहीत. "ह्यो न्हाई सोसायचा. कसा हाईस म्हणलं की 'बरा हाय' म्हणतो अन् ठिवून देतो. बटन हरवलं म्हणलं की बसतो बोलत. त्यात मग काय खाल्लं, खोकला हाय का, समदं कळतं. त्याची माय गेल्यापसून एवढंच हाय बघा. आता कशापायी फोन करू मी त्याला?"

मला फार वाईट वाटलं. मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. कॉम्प्युटरकडं वळून त्यांनी त्या नव्या मदतनिसालाच विचारलं, "का रे बाबा, तुला बंद कसं करायचं?"

त्यानं शुद्ध मराठीत, अगदी नम्रपणे, पायरी पायरीनं सांगितलं. अप्पांनी तसं केलं. तो गप्प झाला.

"गुणाचा हाय बिचारा," अप्पा म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी मी दुकान बंद करत होतो, तेव्हा शेजारून आवाज आला. "शिवा, मीटिंग झाली का? आरं, तुझा मदतनीसच गायब झाला की. कुठं हुडकू?"

स्पीकरवर पलीकडून आधी कुरकुर ऐकू आली. मग शिवा म्हणाला, "बरं, कॉम्प्युटर चालू करा अन् काय दिसतंय ते सांगा."

मी डोकावलो. कॉम्प्युटरवर अप्पांनी केव्हाच फडकं टाकलं होतं. त्याच्यासमोर खुर्चीत मांडी घालून ते म्हणाले, "चालू व्हायलाय, थांब जरा. तवर सांग, जेवलास का?"