मागे उभा असलेला म्हातारा

मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर आईच्या गळ्यात मारून गेला. काम एकच. रविवारी संध्याकाळी तो सुरू करायचा आणि कशालाही हात लावायचा नाही. मुलगा तिकडून मित्रांबरोबर खेळात राक्षस मारायचा. इकडच्या पडद्यावर त्याचाच एक म्हातारा जादूगार मागे उभा असायचा. म्हाताऱ्याच्या अंगी 'पाठबळ' नावाची विद्या. तो नुसता जवळ असला की बाकीच्यांच्या मंत्रांना दुप्पट जोर चढायचा.

"त्याला काही करावं लागत नाही, आई. ते आपोआप चालतं," मुलाने जाताना समजावलं होतं.

तेव्हापासून रविवारी 'चालू कर' एवढा निरोप मोबाइलवर यायचा. ती 'केलं' असं टाइप करायची, की संपला आठवडा. फोन नाही. आपण होऊन फोन करणं तिच्या रक्तात नव्हतं. गरज असेल त्याने करावा.

ती खुर्ची ओढून बघत बसे. पोरं आग ओकायची, विजा पाडायची, एकमेकांची पाठ थोपटायची. म्हाताऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्यालाही त्याचं काही नाही. धडधाकट माणूस, हातात एवढी काठी, आणि उभा आपला खांबासारखा. बसून खाणारं माणूस तिने आयुष्यात घरात टिकू दिलं नव्हतं. एका रविवारी तिने चष्मा लावला, कुठल्या विद्येला किती गुण द्यायचे ते पान हुडकलं, पाठबळाचे सगळे गुण काढले आणि आगीच्या गोळ्यात घातले. म्हटलं, घे, कर काहीतरी.

म्हाताऱ्याने केलं. पहिलाच गोळा आपल्याच तंबूवर. तंबूत औषधं होती, ती गेली. पोरं घाबरून मंत्र म्हणायला लागली, तर विजा ओल्या काडेपेटीसारख्या फुसफुसल्या. राक्षसाने मग घाई केली नाही. एकेकाला उचलून दरीत ठेवून आला.

फोन वाजला.

"आई, कशाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? तुझा म्हातारा कामाला लागलाय, तेच सोसेना तुम्हाला."

"अगं, तो तिथे उभा असतो म्हणून तर आमचं चालतं."

"हे त्याला कधी सांगितलंस?"

 मुलगा कुठे दाबायचं ते सांगू लागला. तिला चष्मा सापडेना. तो नाकावरच होता. मध्ये मुलगा खोकला. औषध घेतलंस का, तर नाही. मग तिने त्याला झाडलं, आणि झाडता झाडता त्याची खोली, त्याचं करपलेलं जेवण, त्याचा खडूस साहेब, सगळं बाहेर आलं. गुण जागेवर गेले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. पुन्हा हात लावू नकोस म्हणून त्याने फोन ठेवला. म्हातारा मागे जाऊन उभा राहिला. घर पुन्हा गप्प.

पुढच्या रविवारी 'चालू कर' आलं. तिने 'केलं' लिहिलं. चष्मा लावला, पाठबळाचे गुण काढून मासे पकडण्याच्या विद्येत नीट घातले, म्हणजे तंबूला धक्का नको. फोन शेजारी ठेवला आणि पोरं राक्षसावर धावून जाईपर्यंत वाट बघत बसली.

"आई, पाठबळ गेलं परत. काय केलंस?"

"कुठे काय? आपोआप गेलं असेल," ती खुर्चीत नीट रेलून म्हणाली. "थांब, चष्मा शोधते."