कुणालाही न दिसणारं पान

पडदे शिवणाऱ्या बायकोसाठी नवरोबांनी ॲप तयार केलं आणि ठरवलं, की जाता जाता एक लिंकही करून टाकू. गिऱ्हाइकाने लिंकवर बोट ठेवलं, की थेट ॲपमधलं मापाचं पान उघडायचं. ॲप नसेल, तर ते उतरवून घ्यायचं पान. शाळा नववीतच सुटली असली तरी मोबाइलमध्ये त्यांचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. (घरात माणसं तीनच, पण ते असो.)

बायकोचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत हलवल्यापासून जुनी गिऱ्हाइकं तुटली होती. ती परत आली नाहीत, तर शिलाई मशीन झाकून ठेवायची पाळी येणार होती.

दुपारभर चाचणी चालली. स्वतःचा फोन, बायकोचा, आईचा, शेवटी मेहुणीचा. सगळीकडे मापाचं पान झटक्यात उघडलं.

"अहो, या सगळ्या फोनांत ॲप तुम्हीच घातलंय ना?" बायकोने तोंडातली टाचणी काढून विचारलं. "ज्याच्याकडे ॲपच नाही, त्याला काय दिसेल?"

"तू शिव गं. हे माझ्यावर सोड."

ॲप नसलेल्यांच्या पानावर त्यांनी तात्पुरतं काहीतरी लिहून ठेवलं होतं. वाचणार कोण, म्हणून जरा मोकळेपणाने : 'हे पान कुणालाही दिसणार नाही. दिसलंच, तर महिनाभर घरातली भांडी मी घासीन. – पडदेवालीचा नवरा.' (एरवी गिऱ्हाइकाने दार उघडलं, की यांची जीभ टाळूला चिकटायची.)

ते बदलायचं राहून गेलं. लिंक गेली सत्तर जुन्या गिऱ्हाइकांना. ॲप त्यांतल्या एकाकडेही नव्हतं.

पाच मिनिटांत बायकोचा फोन खणाणला.

"हो, तेच माझे मिस्टर... नाही हो, अजून सुरुवात नाही केली."

नवरोबांनी घाम पुसत त्या जागी ॲप उतरवून घ्यायचं पान लावलं. पण तोवर पुढची खोली भरली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई तर चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "माप नंतर घ्या. आधी ते भांडीवाले दाखवा!"

बायकोने अकरा ऑर्डरी लिहिल्या. सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाली, "अहो, ते जुनं पान परत लावा."

"अगं, पण लिंक आता बरोबर चालतेय!"

"हो ना. बरोबर चालायला लागल्यापासून एक फोन आलेला नाही."

नवरोबांनी पान परत लावलं. फक्त 'महिनाभर'चं हळूच 'आठवडाभर' केलं.

लगेच फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"त्यांना सांगा, पहिल्या पानाचा फोटो आम्ही सगळ्यांनी काढून ठेवलाय."

बायकोने फोन कानाला तसाच धरून मोरीकडे बोट दाखवलं. नवरोबा थेट तिथेच जाऊन पोहोचले. ही चाचणी मात्र पहिल्याच झटक्यात पास.