दोन म्हणायचं, लायल

"दोन," लायल म्हणाला.

"मी अजून विचारलंच नाहीये," रोंडा म्हणाली. "आधी मी विचारणार, मग तू सांगायचं."

लायल ऑस्टगार्ड सोफ्यावर ताठ बसला होता आणि गेले चार दिवस त्याची हीच तालीम चालू होती. सकाळी दाढी करताना दोन, ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला असताना दोन, जेवताना मीठ मागायच्या ऐवजी दोन. चोवीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्याकडून एवढं पाठ करून घ्यायची ही पहिलीच वेळ होती. तो ते मनापासून करत होता, कारण शुक्रवारी दुपारी त्या एका शब्दावर तिचं सगळं अवलंबून होतं.

नॉर्थ डकोटातल्या नॉर्बी गावच्या वृद्धाश्रमात रोंडा एकवीस वर्षं प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या हाताखालची नर्स होती. म्हातारा दारातून आत आला की त्याच्या चालण्यावरून ती औषध चुकल्याचं ओळखायची. पण वेदनेच्या गोळीचा डोस बदलायचा झाला की तिला केल्सीला बोलवावं लागे. केल्सी चोवीस वर्षांची, रजिस्टर्ड नर्स. पोरगी स्वभावाने गोड होती, पण दर वेळी आधी रोंडालाच विचारायची, "तुला काय वाटतं?" आणि मग रोंडाने सांगितलेलंच कागदावर लिहून खाली स्वतःची सही ठोकायची. अशा सह्या वर्षभर बघितल्यावर रोंडाने दूरशिक्षणाला नाव घातलं. कॉलेज दोन हजार मैलांवर फ्लोरिडात होतं. पुस्तकं संगणकावर, परीक्षा संगणकावर, आणि शेवटी उरली होती एकच गोष्ट: एका माणसाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची आणि त्याचं सलग तीस मिनिटांचं चित्रण पाठवायचं.

रोंडाच्या मते हे म्हणजे स्वयंपाकिणीला पाणी उकळायला सांगण्यासारखं होतं. पहिल्या खेपेला तिने लायलला अकरा मिनिटांत तपासून मोकळं केलं. चित्रण परत आलं. परीक्षक पेनिंग्टनबाईंनी खाली लिहिलं होतं, "विद्यार्थिनी एक शब्दही बोलत नाही. जे बोललं नाही ते केलं नाही, असं आम्ही धरतो."

"मी काय हात धुताना गाणं म्हणायचं?" रोंडा म्हणाली.

पण दुसऱ्या खेपेला ती बोलली. मी हात धुते आहे, मी डोळे बघते आहे, मी फुप्फुसांचा आवाज ऐकते आहे, असं सगळं. या वेळी घोटाळा लायलने केला. नियम असा होता की वेदना किती, ते शून्य ते दहाच्या आकड्यात रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नर्सने सुचवायचं नाही.

"तुला कुठे दुखतंय का?"

"चालायचंच."

"शून्य ते दहामध्ये किती?"

"याहून वाईट दिवस बघितलेत."

"आकडा, लायल."

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

नॉर्थ डकोटाच्या त्या टोकाला माणसं अशीच बोलतात. ज्याचं धान्याचं कोठार जळालं तोही विचारल्यावर म्हणतो की जरा ऊब आली. दुखणं आकड्यात मोजून सांगणं म्हणजे तिथे चारचौघांत शर्ट काढण्यासारखं समजतात. लायलने नऊ मिनिटं दाद दिली नाही आणि चित्रण दुसऱ्यांदा परत आलं. आता तिसरी खेप, आणि तीच शेवटची. शुक्रवारी पाचच्या आत पाठवलं नाही किंवा पुन्हा नापास झालं, तर अख्खी तीन वर्षं पाण्यात. म्हणून दोन. पाठीचं जुनं दुखणं, रोजचं, प्रामाणिक दोन.

शुक्रवारी दोन वाजता रोंडाने दिवाणखान्यात कॅमेरा लावला. सासूबाई आर्डिस लायलच्या आवडीचे खजुराचे बार भाजायला आल्या होत्या. त्यांना स्वयंपाकघरात बसवून रोंडाने बजावलं, "आई, तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. चित्रात तिसरं माणूस दिसलं तर प्रश्न विचारतात."

"मला काय हौस आहे?" आर्डिस म्हणाल्या आणि दार अर्धं उघडं ठेवून बसल्या.

लायलला बोलावलं होतं दोनला, तो शेडमधून आला सव्वादोनला. आला तो भिंतीच्या आधाराने, हळूहळू, आणि सोफ्यावर बसताना त्याने डोळे मिटून घेतले.

"बरा आहेस ना?"

"सुरू कर," लायल म्हणाला.

कॉलेजची यंत्रणा मोठी कडक होती. एकदा कळ दाबली की मध्ये थांबवता येत नसे, आणि तीस मिनिटं झाली की चित्रण आपोआप बंद होऊन आपोआप फ्लोरिडाला जात असे. रोंडाने कळ दाबली. हात धुतले, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. लायलने एकही चूक केली नाही.

"तुम्हाला कुठे दुखतंय का? शून्य ते दहामध्ये..."

"दोन."

नाडी मात्र एकशे दहा लागली. रक्तदाबही नेहमीपेक्षा चढा. कपाळावर घाम. रोंडाने ते सगळं कॅमेऱ्याला मोठ्याने सांगितलं आणि मनात म्हणाली, बिचारा कॅमेऱ्याला घाबरलाय. आपल्या हातून आता काही चुकत नाही याची तिला खात्री होती, आणि खरोखरच चुकत नव्हतं. डोळे, कान, मान, छाती, पोट. बाविसाव्या मिनिटाला ती पायांशी पोचली. डावा मोजा काढला, सगळं ठीक. उजवा मोजा काढायला गेली तर तो निघेना.

ओढून काढला. आत अंगठा होता, पण तो वांग्याच्या रंगाचा होता आणि जवळजवळ वांग्याएवढाच. नख एका बाजूला उचललं गेलं होतं.

रोंडाने नवऱ्याकडे बघितलं. लायलने छताकडे बघितलं.

तिला कळायला वेळ लागला नाही. शेडमध्ये तो सकाळपासून ट्रॅक्टरची बॅटरी बदलत होता, तीच सुटून पायावर पडली होती. आणि हा शहाणा माणूस त्यावर मोजा चढवून, अंगण ओलांडून, तिची परीक्षा बुडू नये म्हणून इथे येऊन दोन म्हणत बसला होता. तिला त्याचा संताप आला, आणि संतापाच्या वर त्याची माया आली.

आठ मिनिटं उरली होती. कॅमेरा कोपऱ्यात उंचावर होता, त्यात अंगठा कितीसा दिसणार? दोन्ही पावलं ठीक, एवढं म्हटलं की रोंडा रजिस्टर्ड नर्स झाली असती. पण एकवीस वर्षांत तिने निळ्या अंगठ्याला ठीक म्हटलं नव्हतं, आणि आज सुरुवात करायचा तिचा विचार नव्हता.

"उजवा अंगठा सुजलेला, निळा पडलेला," तिने खणखणीत आवाजात सांगितलं. "बहुधा मोडलेला. रुग्णाने सांगितलेला आकडा आणि रुग्णाचा अंगठा यांचा मेळ बसत नाही. मी पुन्हा विचारते. किती दुखतंय?"

"दोन," लायल म्हणाला.

"लायल."

"ठरलंय ना आपलं? दोन."

"तुझं पाठांतर मी ऐकलं. आता अंगठा काय म्हणतोय ते सांग. मला खरं उत्तर हवंय. परीक्षेचं मी बघते."

लायलने अंगठ्याकडे एकदा बघितलं. मग दाराकडे पाहत, कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाला, "नऊ."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं.

रोंडाच्या सासऱ्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा ते स्वतः ट्रक चालवत साठ मैलांवरच्या इस्पितळात गेले होते आणि तिथे "जरा जड वाटतंय" एवढंच बोलले होते. अशा घराण्यातल्या मुलाच्या तोंडून नऊ ऐकल्यावर आर्डिसना एकच अर्थ लागला. त्यांनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग पाद्रीबाईंना, आणि मग कोट घालून त्या थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोण म्हणालं नऊ?"

"आई, अंगठा आहे. मरत नाहीये तो."

"तुझे सासरे चारच्या वर कधी गेले नाहीत," आर्डिस म्हणाल्या आणि लायलचा हात धरून बसल्या.

ॲम्ब्युलन्सचं ठाणं समोरच्याच गल्लीत होतं. पाच मिनिटांत ॲम्ब्युलन्सवाला कर्टिस आला, मागोमाग स्ट्रेचर घेऊन दोन स्वयंसेवक, त्यांच्या मागे पाद्रीबाई. शेजारची कॅरल तर तिथे दुःखाच्या घरी नेतात तो, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा गरम हॉटडिश घेऊनच आली. एवढ्या थोड्या वेळात तिने तो कसा भाजला हे आजतागायत गावाला कळलेलं नाही.

"कितीवर आहे?" कर्टिसने दबक्या आवाजात विचारलं.

"नऊ," आर्डिस म्हणाल्या. कर्टिसने टोपी काढली.

"टोपी घाल आणि बर्फ आण," रोंडा म्हणाली. तोंडाला आता बोलायची सवय लागली होती, ती काही सुटेना. "मी पाय उशीवर उंच ठेवते आहे. मी नखावर दाबून रक्त परत येतंय का ते बघते आहे. येतंय. मी कॅरलला हॉटडिश रुग्णाच्या पोटावरून उचलायला सांगते आहे. पाद्रीबाई, प्रार्थना दाराशी उभं राहून करा, मला उजेड हवाय. मी आईंना सांगते आहे की लायल जगणार आहे."

"नक्की?" आर्डिसनी विचारलं.

"नक्की."

एवढ्यात संगणकाने घंटी वाजवली आणि सगळी वरात परस्पर फ्लोरिडाला रवाना झाली.

रोंडा ॲम्ब्युलन्समध्ये लायलजवळ बसली होती. रस्त्याकडेचं बर्फ मागे पळत होतं. "गेलं ना सगळं?" लायलने विचारलं.

"गेलं तर पुन्हा नाव घालीन," ती म्हणाली. "मी बरोबर केलंय. त्यांना ते दिसलं नाही तर चष्मा त्यांचा बदलायला हवा." पण बोलताना तिने त्याचा हात घट्ट धरला होता, कारण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षंच असतात.

बुधवारी निकाल आला. प्लास्टर घातलेला पाय खुर्चीवर ठेवून लायल जेवायला बसला होता, आर्डिस समोर. रोंडाने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

"उत्तीर्ण," ती म्हणाली आणि खाली बसली. मग पुढे वाचू लागली. "शंभरपैकी चौऱ्याण्णव. आकड्यावर न विसंबता रुग्णाला पुन्हा विचारलंत, हे फार कमी जण करतात. गर्दी आणि घाबरलेले नातेवाईक यांचा प्रसंग उभा करण्याची कल्पना अभिनव. अंगठ्याची रंगरंगोटी अप्रतिम."

"रंगरंगोटी?" लायल म्हणाला.

"सासूचं काम करणाऱ्या बाई विशेष लक्षात राहतात." आर्डिसनी मान किंचित ताठ केली. रोंडा पुढचं वाचायला कचरली, पण लायल बघत होता. "सहा गुण रुग्णामुळे कापले आहेत. रुग्णाचं काम करणारे गृहस्थ कमी पडतात. इतका मोठा अंगठा घेऊन कोणी इतक्या शांतपणे दोन म्हणत नाही. अभिनय पटत नाही."

रोंडाने तिथल्या तिथे मोडलेल्या हाडाचा एक्स-रे फ्लोरिडाला पाठवला. खोट्या कौतुकावर तिला पास व्हायचं नव्हतं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. एक्स-रेदेखील तयार करण्याइतकी मेहनत पाहून पेनिंग्टनबाई थक्क झाल्या होत्या, पण रुग्णाचे सहा गुण काही परत मिळणार नव्हते.

लायलने मान खाली घालून बटाटे संपवले, बीन्स संपवले, काटा ताटलीवर आडवा ठेवला. एरवी जेवल्यावर तो लगेच खजुराच्या बारकडे वळायचा, आज वळला नाही. रोंडाने ते ओळखलं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"अंगठा तीन," लायल म्हणाला. त्याने ताटली बाजूला सारली. "आणि ते अभिनय पटत नाही म्हटलंय ना, ते आठ."

आर्डिसनी चमचा खाली ठेवला. "आठ? अरे, मोडला तेव्हासुद्धा नऊच होता."

"हाड भरून येतं, आई," लायल म्हणाला.