गाडी मिसिंग मारून राहिली

शेजारच्या देशकरकाकांच्या घरात तुम्ही बूट घालून खुशाल फिरा, काका काही बोलणार नाहीत. गॅरेजमध्ये शिरताना मात्र बूट काढावे लागतात. तिथे त्यांची जुनी अमेरिकन मसल कार आहे. दोन दारं, आठ सिलिंडर, होडीसारखं लांब नाक आणि वय माझ्यापेक्षा जास्त. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये जानेवारीत श्वास गोठतो, तेव्हा काकांच्या चालणाऱ्या दोन गाड्या बाहेर बर्फात असतात आणि न चालणारी ही बया आत हीटरपाशी. शोभाकाकू सकाळी कामावर निघताना काचेवरचा बर्फ खरवडत असतात आणि काका आतून ओरडतात, "दार लाव ना, तिला थंडी वाजून राहिली."

काका मूळचे नागपूरचे. सारी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात गेली. पाना कसा धरायचा हे ते साठीच्या जवळ व्हिडिओ बघून शिकले. आत्मविश्वास मात्र जन्मजात.

'ओरिजिनल' हा त्यांचा लाडका शब्द. दाराचं हँडल ओरिजिनलच हवं, म्हणून सात महिने ते दार सुतळीनं बांधलेलं होतं. मग त्याच गाडीत त्यांनी नवे ब्रेक, एसी आणि मागे कॅमेरा बसवला.

"काका, मग यात ओरिजिनल काय राहिलं?" मी विचारलं.

"भावना राहिली ना, बाप्पा."

एकदा त्यांनी कार्ब्युरेटर डिशवॉशरमध्ये धुतला. पुढे आठवडाभर त्यांच्याकडच्या वरणाला पेट्रोलचा वास येत होता. काकूंनी तेव्हा आमच्याकडे येऊन जेवणं पसंत केलं. काका घरीच जेवले आणि वरण छान झालंय म्हणाले.

गाडी आली तेव्हा आम्हाला वाटलं, हे ऋचाला खिजवायला चाललंय. ऋचा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती इंजिनिअरिंग अर्धवट सोडून सिएटलजवळ, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागली. तिनं हे सांगितलं तेव्हा घरात गणपती होते, पाहुणे होते. सगळ्यांच्या देखत काका म्हणाले, "मेकॅनिकच व्हायचं होतं तर नागपूर काय वाईट होतं?" ऋचा पानावरून उठली. त्यानंतर दोन वर्षं बापलेकीत अवाक्षर नव्हतं. कुणी विचारलं तर काका सांगत, "ती ऑटोमोटिव्ह सेक्टरमध्ये आहे." मग त्यांनी स्वतःच हा सेक्टर गॅरेजमध्ये आणून उभा केला.

गेल्या ऑक्टोबरात गाडी चक्क चालली. काकांनी मला शेजारी बसवून दोन गल्ल्या फिरवलं. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं. सिग्नलला एका पिकअपवाल्यानं अंगठा उंचावून दाद दिली, तर काका लाजले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या शनिवारी गेलो तर इंजिन पुन्हा उघडलेलं.

"अहो, चालत होती ना?"

"आवाज बरोबर नव्हता."

नोव्हेंबरात तेच, डिसेंबरात तेच. जोडायची, चालवायची, उघडायची. यांना दुरुस्तीची हौस नाही, उघडण्याचा आजार आहे, असं मी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. काकूही हसल्या, पण जरा कमीच.

परवा रविवारी दुपारी मी गॅरेजमध्ये होतो. काकांनी आठही प्लग पुसून बसवले, गाडी सुरू केली. सुरेख चालली. त्यांनी ती बंद केली, हात पुसले आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ऋचा, गाडी मिसिंग मारून राहिली."

इंजिनाचा एक ठोकाही चुकला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टायरकडे बघत होते.

"विच सिलिंडर, बाबा?"

"तेच तर समजत नाही."

मग तिनं समजावायला सुरुवात केली. एकेका प्लगची वायर काढायची, आवाज ऐकायचा, फरक पडला नाही तर दोष तिथेच. हे सगळं काकांनीच मला महिन्यापूर्वी शिकवलं होतं. तरी ते वहीत लिहून घेत होते आणि मध्येच, मुद्दाम, काहीतरी चुकीचं विचारत होते. "नो नो बाबा, लिसन," म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. एकदा हसलीसुद्धा. वीस मिनिटं झाली.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काका, गाडी तर उत्तम चालते आहे."

"चालते ना." त्यांनी वही मिटली. "आता फोन उचलते, पण कशी आहेस विचारलं की 'फाइन' म्हणते न् ठेवून देते. गाडीचं विचारलं तर बोलते."

ते पहिल्या प्लगची वायर काढायला वाकले आणि तसेच थांबले.

"आज बोलताना खोकून राहिली होती थोडी. ऐकलं का तू?"

मी ऐकलं नव्हतं.