पंपाची तब्येत बरी आहे

माणसाची प्रकृती त्याच्या एकट्याच्या हाती ठेवणं धोक्याचं असतं. त्याला तिच्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त त्रास होतो.

या तत्त्वाला अनुसरून घरच्यांनी शिंपीकाकांच्या कमरेला इन्सुलिनचा पंप लावला. व्यवस्था नामी होती. दंडावरची चकती साखर मोजायची, पंप नळीतून औषध सोडायचा आणि आकडा, शेजारी चढ-उताराच्या बाणासह, मुलगा, सून, लेक, जावई या सर्व संबंधितांच्या फोनवर उमटायचा. (जावयाच्या मित्राच्याही. तो का, हे अद्याप विचाराधीन आहे.) काकांशी मात्र कुणाला बोलावं लागत नसे. विचारपुशीत अशी शंभर टक्के बचत झाली.

एकदा काका पंप काढून अंघोळीला गेले आणि पंप पिपाणीसारखा वाजू लागला. सगळं घर धावलं. सेल बदलला, पंप पुसला, सगळ्यांना हायसं वाटलं. काका न्हाणीघरातून केव्हाचे टॉवेल मागत होते, हे मागाहून लक्षात आलं.

मग एका दुपारी बाही जोडता जोडता काकांना दरदरून घाम फुटला. सुईत दोरा जाईना.

"अरे, गरगरतंय मला."

मुलाने फोन पाहिला. "छे हो बाबा! तुम्हाला काही गरगरत नाहीये. एकशे दहा आहे."

"हात बघ, कापतायत."

"बाण सरळ आहे, बाबा. उगाच घाबरवू नका."

यावर काका शिलाई मशीनवर कोसळले. एकशे दहा हा आकडा सकाळचा होता; नेट तेव्हाच गेलं होतं. काकूंना फोनमधलं काही कळत नसे, म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि साखर त्याच्या गालात सारली.

काकांनी डॉक्टरांना विचारून चकतीसकट पंप उतरवला. आता दिवसभर पुरणारं एक इंजेक्शन, शिवाय प्रत्येक जेवणाआधी एक.

"एवढ्या सुया, बाबा?" सून कळवळली.

"बोटं जन्मभर टोचून घेतली. पोटाचे कसले लाड?"

घरावर अवकळा आली. फोन मुके झाले. काका जिवंत आहेत की कसे, याचा कुठूनही अधिकृत खुलासा होईना. शेवटी नाइलाजाने मुलगा मशीनपाशी येऊन अवघडून उभा राहिला.

"बाबा... कसं वाटतंय?"

काकांनी चष्मा काढला. "बस. वेळ लागेल सांगायला."

तो बसला.

पंप कपाटात सुस्थितीत पडून आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'कसं वाटतंय' असं विचारून उत्तर संपेपर्यंत आपण शेवटचे कधी थांबलो, हे ज्या वाचकाला आठवत नसेल, त्याने तो खुशाल घेऊन जावा. मात्र लवकर यावं. रांग आत्ताच कोपऱ्यापलीकडे गेली आहे.