जस्ताचे सहा ठोकळे

कारखान्यातली पाण्याची मोठी टाकी दर दोन-तीन वर्षांनी गंजून गळायची. वहिनींनी मॅनेजरला ठणकावून सांगितलं, "मला आत सहा ठोकळे बसवू द्या. वर्षभरात टाकीला गंज धरला, तर मी आपणहून पुन्हा नकाशांच्या टेबलावर जाऊन बसेन."

कारखान्याच्या रंगाऱ्याची ही सून इंजिनिअर होऊन तिथेच नोकरीला लागली, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. नकाशांच्या टेबलावर त्यांनी चार वर्षं माशा मारल्या होत्या. त्यांचा सगळा जीव गंजात अडकलेला.

ठोकळे जस्ताचे होते. पाणी लोखंडाला खायला आलं की जस्त पुढे होऊन स्वतः झिजतं, एखाद्या घरातल्या थोरल्या जावेसारखं. टाकी मात्र शाबूत राहते.

वर्ष भरलं. टाकी रिकामी केली. वहिनी जाडी मोजायचं यंत्र घेऊन आत उतरल्या, मागोमाग मॅनेजर. भिंतीवर तांबूस गंजाचे पोपडेच पोपडे. आणि ठोकळे? हिरवेगार, तुकतुकीत.

"वहिनी, हे झिजणार होते ना?" मॅनेजरने विचारलं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे नकाशांचं टेबल नाचायला लागलं. त्यांनी नखाने ठोकळा खरवडला. रंगाची साल निघाली. हा हिरवा रंग त्यांच्या घरच्या खिडक्यांनाही होता.

"बाबा!"

सासरे वरून डोकावले. "काय गं?"

"ठोकळे तुम्ही रंगवलेत?"

"दोन हात दिलेत. मध्ये टाकी धुवायला काढली होती, तेव्हा पाहिलं तर त्यांच्यावर पांढरी बुरशी चढलेली. म्हटलं, सूनबाईची चारचौघांत शोभा नको. कुणाला बोललोसुद्धा नाही."

"अहो, त्यांनी खराबच व्हायचं होतं!"

"माझ्या देखत?" म्हातारा खरोखर दुखावला.

मॅनेजर शिडीकडे वळला. तेवढ्यात वहिनींचं लक्ष कोपऱ्यात गेलं. सहावा ठोकळा खडबडीत, अर्धाअधिक झिजलेला होता, आणि त्याच्या भोवतीची भिंत स्वच्छ.

"बाबा, हा का सोडलात?"

"डबा संपला."

वहिनींनी यंत्र भिंतीला टेकवलं. पाच ठोकळ्यांजवळ पत्रा पातळ झालेला, सहाव्याजवळ पहिल्या दिवशीचाच आकडा. मॅनेजरने तीनदा मोजायला लावलं, मग तो हसायला लागला. "म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी फुकटात प्रयोग करून दिला की. वहिनी, टेबल राहू दे. आणखी एक वर्ष घ्या. पण ह्यांना आवरा."

त्या संध्याकाळी वहिनींनी सासऱ्यांना तासभर समजावलं. त्यांनी मान डोलावली, शब्द दिला, वर म्हणाले, "आता दुसऱ्या कुणालाही हात लावू देणार नाही."

सोमवारी नवे ठोकळे बसले. मंगळवारी पाणी सोडण्याआधी वहिनी सहज आत डोकावल्या. सहाही ठोकळ्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल ऑइलपेंटमध्ये ठसठशीत अक्षरं होती:

'येथे रंग लावू नये.'