एकेचाळीस शाली आणि चार सेकंद

संगमेश्वर भारताच्या फुटसाल संघाचा प्रशिक्षक झाला, ही बातमी अहमदपूरच्या मोंढ्यात पोचायला अर्धा तास लागला. फुटसाल म्हणजे काय, ते मात्र शेवटपर्यंत पोचलं नाही.

त्याचे वडील चंद्रप्पा धान्याच्या मोंढ्यातले जुने आडते. चौदा वर्षं कोणी 'पोरगं काय करतंय?' असं विचारलं, की ते तुरीच्या भावावर घसरायचे. आता मात्र गादीवर बसून स्वतःच शिकवत होते. "फुटबॉलचा सख्खा भाऊच समजा! अकरा जण, अन् मैदान म्हणाल तर समदा मोंढा मावंल!"

शिबिर परवा सकाळी दिल्लीत. उशिरा येईल त्याच्या जागी दुसरा घेऊ, असं पत्रातच लिहिलेलं. नांदेडहून गाडी साडेसहाची, म्हणजे घरून चारला निघायलाच हवं. चंद्रप्पा म्हणाले, "दोन वाजता एक शाल, एक नारळ, दहा मिनिटांत मोकळा!" बिचारे संगमेश्वर सर तिथेच फसले.

कारण चंद्रप्पांनी वीस वर्षांत मोंढ्यातल्या एकाही पोराला सोडलं नव्हतं. कोणी दहावीला चमकलं, कोणी तलाठी झालं, कोणी डॉक्टर, की चंद्रप्पा शाल घेऊन हजर. त्या शाली परत करायची संधी मोंढ्याला आज पहिल्यांदाच मिळाली. एकेचाळीस जण एकेचाळीस शाली घेऊन अंगणात उभे! 'सगळ्यांची मिळून एक' म्हणायची सोय नव्हती. ज्याची शाल राहील तो चंद्रप्पांच्या दारी पुन्हा पाय ठेवणार नाही.

प्रत्येक शालीमागे फोटो, प्रत्येक फोटोमागे 'दोन शब्द'. पावणेचारला हिशेब लागला तेव्हा शाली झाल्या होत्या नऊ. वैशाखातलं ऊन, आणि सर लोकरीत. त्यातली एक तर ओळखीची निघाली. कोपऱ्यावर हळदीचा डाग, म्हणजे गावभर फिरून ती स्वतःच्याच घरी आलेली.

"पंधरा मिनिटं राहिली," त्याची बायको मंजुषा बॅग धरून कुजबुजली. "अप्पांना सांगा की."

संगमेश्वरनं वडिलांकडं पाहिलं. फेटा बांधून ते प्रत्येक शालीला अशी मान डोलवत होते, की त्यानं पुढच्या शालीसाठी मान वाकवली. हाच माणूस एकदा त्याचे खेळायचे बूट ज्वारीच्या पोत्यामागं लपवून बसला होता.

माईक आता चंद्रप्पांचे जुने दोस्त किशनराव यांच्या हाती होता. "तर मंडळी, एकोणीसशे ब्याऐंशी साली मी अन् चंद्रप्पा…"

तेवढ्यात शिट्टी वाजली. अशी कडक, की किशनराव ब्याऐंशीतच थांबले.

दारात संगमेश्वरची आई सिद्धम्मा उभ्या. पोराशी फोनवर चौदा वर्षं 'जेवलास का?' याच्यापुढं न गेलेली ही माउली, तोंडात त्याचीच जुनी शिट्टी.

"चार सेकंद!" त्या म्हणाल्या.

"काय चार सेकंद, वहिनी?" किशनरावांनी विचारलं.

"फुटसालचा कायदा हाय. बाहेर गेलेला बॉल चार सेकंदांत आत टाकाय लागतोय. न्हाई टाकला, तर समोरच्याला जातोय. इथं बी तसंच. चार सेकंदांत शाल घाला, न्हाईतर तुमचा नंबर मागच्याला. तुम्ही रांगेच्या शेवटी."

किशनरावांनी मागं पाहिलं. मागं शिवमूर्ती उभे होते, शेजारचे आडते, बारा वर्षांचे वैरी. किशनरावांनी माईक टाकला, शाल टाकली आणि तीन सेकंदांत बाजूला झाले.

मग काय! सिद्धम्मा मोजायच्या, शिट्टी मारायच्या, शाल घालणारा पळायचा, दुसरा यायचा. चार वाजायला पाच मिनिटं असताना शाली संपल्या. मोंढ्यात एवढ्या झपाट्यानं आजवर काहीच झालं नव्हतं.

"आई, तुला हे कसं ठाऊक?" शालींच्या ढिगातून आवाज आला.

"पोरगं चौदा वर्षं काय करतंय, ते बघाय नको का? मंजुषा मोबाईलवर लावून देती. जेवलास का इचारते ते सामना बघूनच. हरलास की तू जेवत न्हाईस."

संगमेश्वर ढिगातून वाकून तिच्या पाया पडला.

शेवटी आले चंद्रप्पा. हातात हार. तो गळ्यात घातला आणि हात तिथेच राहिले. "एक, दोन, तीन, चार…" सगळं अंगण मोजू लागलं. पाच झाले, आठ झाले, चंद्रप्पा काही हलेनात. त्यांचा फेटा पोराच्या खांद्यावर टेकला होता.

"वहिनी, शिट्टी!" किशनराव ओरडले. "आमालाच कायदा व्हय?"

सिद्धम्मांनी शिट्टी तोंडातून काढून पदरानं पुसली, डोळेही पुसले. "टाइमआऊट हाय. एक मिनिटाचा असतोय. कायद्यातच हाय."

त्या मिनिटात चंद्रप्पा पोराच्या कानाशी लागले. आता बाप आशीर्वाद देतो असं समजून अंगणानं हात जोडले.

"संगू," ते हळूच म्हणाले, "खेळतेत किती जण रे?"

"पाच, अप्पा."

"पाचच?" चंद्रप्पांचा चेहरा पडला. "मोंढ्याला सांगू नको बाबा. मी अकरा सांगून बसलोय."